वटवाघळाच्या मादीत गर्भाशयाचं एकच शिंग मोठं का?

पुण्यात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. मुळशीकडच्या एका पडक्या देवळात जानेवारीअखेर तिच्या गटाला वटवाघळाची एक मेलेली मादी मिळाली. रीतसर परवानगी घेऊन ती कॉलेजात आणून उघडली, तर गर्भाशयाचं डावं शिंग (गर्भाशयाची बाजूला जाणारी नळीसारखी फांदी) उजव्यापेक्षा चांगलंच जाड निघालं आणि उजवा बीजांडकोश डाव्याच्या मानाने अगदी किरकोळ. पाठ्यपुस्तकात 'वटवाघळांचं गर्भाशय द्विशृंगी' एवढंच वाक्य आहे, आणि आकृतीत दोन्ही शिंगं सारखी. तेव्हा ही विकृती आहे, काही रोग आहे, की सगळ्याच वटवाघळांत असं असतं? आणि जाता जाता: नरांतही असे फरक असतात का? सोबत तिने फोटो पाठवले आहेत.

विकृती नाही, रोगही नाही. पण सगळ्याच वटवाघळांत असं असतं असंही नाही. जगात वटवाघळांच्या चौदाशेहून अधिक जाती आहेत, त्यातल्या सव्वाशेच्या वर भारतात. एवढ्या मोठ्या गोतावळ्याला 'द्विशृंगी' हा एक शब्द चिकटवणं म्हणजे सगळ्या सस्तन प्राण्यांना 'चतुष्पाद' म्हणून मोकळं होणं. तेव्हा गर्भाशयाबद्दल काहीही बोलायच्या आधी मी दोन गोष्टी विचारतो: जात कुठली आणि महिना कुठला. महिना तुम्ही सांगितलाच आहे. जातीसाठी तुमचे फोटो पुरेसे आहेत.

बुडाशी एकमेकांना जोडलेले मोठे कान, नाकावर उभं लांबट पर्ण, शेपूट जवळजवळ नाहीच, अग्रबाहू (कोपर ते मनगट) साधारण ६५-७० मिलिमीटर. हे मेगाडर्मा लायरा, इंग्रजीत ज्याला ग्रेटर फॉल्स व्हॅम्पायर म्हणतात ते. अलीकडे त्याचं नाव लायरोडर्मा लायरा असंही लिहितात. रक्त पीत नाही. बेडूक, पाली, उंदीर, लहान पक्षी आणि मोठे किडे खातं. पुणे जिल्ह्यात पडके वाडे, देवळांचे गाभारे, लेणी अशा जागी त्याचे छोटे गट सापडतात.

तुमच्या तिसऱ्या फोटोत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही. ओटीपोटाच्या खाली, जननछिद्राच्या जरा वर, दोन बारीक काळपट टोकं दिसतात. बऱ्याच विद्यार्थ्यांना ती स्तनाग्रं वाटतात आणि 'चार स्तनाग्रं' अशी नोंद होते. खरी स्तनाग्रं दोनच, काखेच्या बाजूला छातीवर. खालची दोन आभासी, त्यांत दूध नसतं. पिल्लू उलटं लटकून ती तोंडात धरून ठेवतं, आणि आई उडते तेव्हा ते तिच्या पोटाला घट्ट राहतं. मेगाडर्मा, नालमुखी म्हणजे ऱ्हायनोलोफस, हिप्पोसिडेरॉस आणि ऱ्हायनोपोमा या कुळांत ती असतात. फळखाऊ वटवाघळांत किंवा पिपिस्ट्रेलसारख्या छोट्या घरगुती वटवाघळांत नसतात. ज्या मादीने अजून एकही पिल्लू वाढवलेलं नाही तिच्यात ती नुसत्या ठिपक्याएवढी असतात. तुमच्या मादीत ती लांब आणि ओढलेली आहेत, म्हणजे ही पहिलटकरीण नव्हे. एवढी माहिती पोट न उघडता मिळते, म्हणून जाळ्यात पकडून सोडून द्यायच्या मादीतही ती आधी बघावी.

आता डावं-उजवं. इथे पुष्कळदा घोळ होतो. प्राणी उताणा ठेवला की त्याची डावी बाजू तुमच्या उजव्या हाताला येते, आणि फोटो आडवा फिरवला की तेही भरवशाचं राहत नाही. जठर शोधा, ते ज्या बाजूला ती डावी. तुमच्या फोटोत फुगलेलं शिंग जठराच्याच बाजूला आहे, तेव्हा नोंद बरोबर आहे.

मेगाडर्मा लायराच्या मादीत डावी बाजू वरचढ असते हे जुनं निरीक्षण आहे. बीज मुख्यतः डाव्या बीजांडकोशातून सुटतं आणि गर्भ मुख्यतः डाव्या शिंगात रुजतो. उजवा बीजांडकोश असतो, त्यात बीज वाढवणारे कोवळे पुटक असतात, पण ते पक्व होण्याच्या टप्प्यापर्यंत सहसा जात नाहीत. या जातीत समागम हिवाळ्याच्या सुरुवातीला होतो आणि पिल्लं उन्हाळ्यात, एप्रिलच्या सुमारास, जन्मतात. म्हणजे जानेवारीअखेरची मादी बहुधा गाभण, आणि शिंगाच्या जाडीवरून गर्भ लहानच. डाव्या शिंगाचा जाड झालेला भाग म्हणजे गर्भाशयाची भिंत आणि आतला रुजलेला गर्भ असणार. डाव्या बीजांडकोशाच्या पृष्ठभागावर एक फिकट, भरीव उंचवटा दिसला असेल तर तो पीतपिंड, म्हणजे बीज सुटल्यावर त्या जागी तयार होणारी ग्रंथी. नक्की काय ते सेक्शन, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे पातळ काप, सांगतील; त्याबद्दल शेवटी लिहितो.

हे एकाच बाजूचं प्रकरण वटवाघळांत किती तऱ्हांनी येतं ते बघण्यासारखं आहे. एल. हॅरिसन मॅथ्यूज यांनी १९३७ साली ब्रिटनमधल्या दोन नालमुखी जातींच्या मादीचं वार्षिक चक्र मांडलं, त्यात बीजमोचन आणि गर्भ दोन्ही उजवीकडे. अमेरिकेतलं मुक्तपुच्छ वटवाघूळ, टॅडारिडा ब्राझिलिएन्सिस, तेही उजवं. उत्तर अमेरिकेतल्या मायोटिस ल्युसिफ्यूगसमध्ये बीज कुठल्याही बाजूने सुटतं, पण गर्भ वाढतो उजव्या शिंगात. आणि सगळ्यांत गमतीचं आहे मिनिऑप्टेरस हे गुहांत राहणारं कीटकभक्षी वटवाघूळ. त्यात बीज डाव्या बीजांडकोशातून सुटतं आणि गर्भ रुजतो उजव्या शिंगात! म्हणजे फलित झालेला गर्भ डाव्या नळीतून खाली येऊन गर्भाशयात बाजू बदलतो. या मिनिऑप्टेरसचं मोठं ठाणं आपल्याकडे महाबळेश्वरच्या रॉबर्स केव्हमध्ये आहे. आंद्रे ब्रॉसे हे फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ साठच्या दशकात मध्य आणि पश्चिम भारतातल्या वटवाघळांवर लिहीत होते, तेव्हाही त्या गुहेची नोंद त्यांनी घेतली होती. तुमच्या मादीच्या बाबतीत मला हे उदाहरण मुद्दाम द्यायचं आहे, कारण नुसतं फुगलेलं शिंग पाहून 'बीजही त्याच बाजूने आलं' असं लिहिता येत नाही. दोन्ही बीजांडकोश बघावे लागतात.

असं का होतं याचं एक तयार उत्तर सगळीकडे ऐकू येतं: उडायचं म्हणून वजन कमी केलं, पक्ष्यांत उजवा बीजांडकोश गेला तसंच हे. मला हे उत्तर कधीच पटलेलं नाही. वटवाघळाचा बीजांडकोश मिलिग्रॅममध्ये मोजायची वस्तू आहे. जी मादी स्वतःच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याएवढं पिल्लू पोटात घेऊन रात्रभर शिकार करते, तिला बाजरीच्या दाण्याएवढा अवयव जड का व्हावा? शिवाय दबलेला बीजांडकोश मेलेला नसतो. मॅक्रोटस कॅलिफॉर्निकस या अमेरिकेतल्या जातीत बीज एरवी उजव्या बाजूने सुटतं. प्रयोगात उजवा बीजांडकोश काढून टाकला तेव्हा डाव्याने काम हाती घेतलं आणि बीज सोडलं. म्हणजे एक बाजू दुसरीला दाबून धरते, आणि ती बाजू गेली की दाब उठतो. एका वेळी एकच गर्भ, आणि तोही ठरावीक जागी, इतकं साधलं की झालं. ते कुठल्या बाजूने साधायचं हे वेगवेगळ्या कुळांनी आपापलं ठरवलेलं दिसतं. वजनाचा मुद्दा एकाच वेळी दोन-तीन गर्भ नकोत यासाठी लागू पडतो, बीजांडकोशाच्या आकारासाठी नाही.

याच्या अगदी उलट उदाहरणं पुण्यातच डोक्यावरून उडतात. सिनॉप्टेरस स्फिंक्स, म्हणजे केळीच्या बागांत, ताडाच्या झावळ्यांत आणि अशोकाच्या झाडांवर दिसणारं छोटं फळखाऊ वटवाघूळ, वर्षातून दोनदा वितं: एकदा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, पुन्हा जून-जुलैत. पहिलं पिल्लू झाल्याबरोबर मादी पुन्हा माजावर येते आणि दुसरा गर्भ समोरच्या शिंगात रुजतो. एक शिंग बाळंतपणातून सावरतंय आणि दुसरं कामाला लागलंय. रूसेटस लेशेनॉल्टी या गुहेत राहणाऱ्या फळखाऊ जातीतही हीच पाळी-पाळीची व्यवस्था आहे. ए. गोपालकृष्ण आणि चौधरी यांनी सत्तरच्या दशकात तिचं वर्षाचं गणित मांडलं होतं. कीटकभक्षी टॅफोझोअस लाँगिमॅनस तर वर्षभर वितं, आणि त्यातही दोन्ही बाजू आलटून पालटून वापरात. स्कोटोफिलस कुहली, घरांच्या फटींत राहणारं पिवळसर वटवाघूळ, याला बहुधा जुळी होतात, दोन्ही शिंगांत एकेक. पिपिस्ट्रेलस सेलोनिकसचंही बहुतेक तसंच. या माद्यांचं गर्भाशय उघडलं तर पाठ्यपुस्तकातली आकृती भेटेल, पण तीसुद्धा योग्य महिन्यात.

म्हणजे वर्षातून एकदाच एक पिल्लू असेल तर एक बाजू झुकलेली चालते. वर्षातून दोनदा, किंवा जुळी, असतील तर दोन्ही बाजू कामाच्या लागतात. हा नियम नव्हे, याला अपवाद आहेत. सगळ्यांत मोठा अपवाद आपलं मोठं वटवाघूळ, वडा-पिंपळावर शेकड्यांनी लटकणारं टेरोपस. (स्पेलिंगमधला 'पी' न उच्चारल्याने 'टेरोपस', जुन्या पुस्तकांत 'गायगँटियस', आता 'मेडियस'.) त्याला वर्षाला एकच पिल्लू, पावसाळ्यात समागम, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास जन्म, तरी दोन्ही बीजांडकोश बरोबरीचे. पण त्यात एक वेगळीच गोष्ट आहे. १९५३ साली ए. जे. मार्शल यांनी दाखवलं की ज्या बाजूच्या बीजांडकोशातून बीज सुटतं त्याच बाजूच्या शिंगाचं अस्तर, तेही बीजांडकोशाजवळच्या टोकाशी, आधी जाड होतं. दुसरं शिंग तसंच शांत. संप्रेरकं रक्तातून सगळ्या शरीरात फिरत असतील तर एकच शिंग का जागं व्हावं? कारण रक्तवाहिन्यांची रचना अशी की बीजांडकोशातून निघालेलं संप्रेरक तिथल्या तिथे शेजारच्या शिंगाला पोचतं. ज्यांना शरीररचना म्हणजे नुसती नावं पाठ करणं वाटतं त्यांना मी नेहमी हे उदाहरण देतो.

आता 'द्विशृंगी' या शब्दाकडे. फळखाऊ कुळातल्या बऱ्याच जातींत दोन शिंगं बाहेरून खाली जुळलेली दिसतात, पण आतल्या नळ्या बऱ्याच खालपर्यंत वेगळ्या राहतात आणि टेरोपससारख्या जातींत योनीत दोन वेगळी गर्भाशयमुखं उघडतात. याला द्विशृंगीपेक्षा दुहेरी म्हणणं जास्त बरोबर. आपल्या बहुतेक कीटकभक्षी जातींत वर दोन शिंगं, खाली एक समाईक भाग आणि एकच मुख. शिंगं किती लांब आणि समाईक भाग केवढा, हे कुळागणिक बदलतं. आणि दक्षिण अमेरिकेतल्या पर्णनासिक कुळात, म्हणजे फिलोस्टोमिडीत, कॅरोलिया, ग्लोसोफॅगा, आर्टिबियस आणि रक्त पिणारं डेस्मोडस यांच्यात, बाहेरून शिंगं दिसतच नाहीत. पेरूच्या आकाराचं एकसंध गर्भाशय, माणसासारखं.

इथे लोकांना माकड आठवतं, आणि त्यात नवल नाही. १७५८ साली लिनियसने वटवाघळांना माणूस, माकड आणि लेमर यांच्या शेजारी 'प्रायमेट्स'मध्येच बसवलं होतं. छातीवर दोन स्तन हे त्यामागचं एक कारण. नराचं लोंबतं शिश्न हेही साम्य पुढे लोकांनी बोलून दाखवलं. १९८६ साली जॉन पेटिग्रू यांनी मेंदू आणि डोळा यांच्यातल्या मज्जातंतूंच्या जोडणीवरून मोठी फळखाऊ वटवाघळं म्हणजे उडती प्रायमेट्स असल्याचा दावा केला आणि दहा-पंधरा वर्षं बरीच धुळवड झाली. डीएनएने तो वाद मिटवला. सगळी वटवाघळं एकाच मूळातली, आणि प्रायमेट्सपासून लांब. उलट त्यातून एक वेगळाच धक्का बसला: नालमुखी, हिप्पोसिडेरॉस आणि तुमचं मेगाडर्मा हे कीटक-मांस खाणारे प्रकार वंशाने फळखाऊ टेरोपसच्या जवळचे आहेत, पिपिस्ट्रेलच्या नव्हेत. आता गर्भाशयांची रांग लावून बघा. मेगाडर्मा एका बाजूला झुकलेलं, त्याचं नातेवाईक टेरोपस दोन्ही बाजूंनी समान आणि दोन मुखांचं, दुसऱ्या फांदीवरचं मायोटिस पुन्हा एका बाजूला. गर्भाशयावरून वंशावळ काढायला जाल तर फसाल. ते अवयव वर्षातल्या विण्याच्या हिशेबाप्रमाणे वळलेले आहेत.

मासिक पाळीचंही तसंच. माणूस आणि काही माकडं सोडली तर पाळी येणारे सस्तन प्राणी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. त्यात काही वटवाघळं आहेत. ग्लोसोफॅगा आणि कॅरोलियात ती सापडली तेव्हा वाटलं, गर्भाशय माणसासारखं म्हणून पाळीही. पण पुढे मुक्तपुच्छ कुळातल्या मोलोसस या जातीत, आणि २००७ साली रूसेटस लेशेनॉल्टीतही पाळी आढळली. रूसेटसला एकसंध गर्भाशय नाही. पाळीचा संबंध बाहेरच्या आकाराशी नाही, अस्तराच्या स्वभावाशी आहे: गर्भ आला नाही तरी जे अस्तर आपणहून रुजवणीसाठी पूर्ण तयार होतं, ते नंतर झडावं लागतं.

महिन्याचा मुद्दा मी एवढा का रेटतो ते आता सांगतो. वटवाघळांत समागम, बीजमोचन, गर्भ रुजणं आणि गर्भ वाढणं या चार गोष्टी एकामागोमाग होतीलच असं नाही. थंड प्रदेशातल्या जातींत शरद ऋतूत समागम होतो, शुक्रजंतू मादीच्या शरीरात हिवाळाभर टिकतात आणि वसंतात बीज सुटतं. विल्यम विमसॅट यांनी चाळीसच्या दशकात अमेरिकेत याचा पाठपुरावा केला. युरोपातल्या निक्टॅलस नॉक्ट्युलात शुक्रजंतू १९८ दिवसांनंतरही फलनक्षम राहिल्याचं पॉल रेसी यांनी दाखवलं. नालमुखी मादीत तर योनीत एक घट्ट बूच तयार होतं आणि ते वसंतात गळून पडतं. युरोपातल्या मिनिऑप्टेरसचा मार्ग आणखी वेगळा: फलन लगेच होतं, पण इवलासा गर्भ न रुजता हिवाळाभर गर्भाशयात तसाच राहतो.

'आपल्याकडे कुठे हिवाळा कडक' असं म्हणून हे परदेशातलं प्रकरण समजू नका. वाराणसीत अमिताभ कृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कोटोफिलस हीथाय या पिवळ्या वटवाघळावर दीर्घकाळ काम केलं. समागम जानेवारीच्या सुमारास, बीजमोचन मार्चच्या सुरुवातीला. मधल्या काळात शुक्रजंतू मादीत साठवलेले. फेब्रुवारीत अशी मादी उघडणाऱ्याला गर्भ सापडणार नाही, पीतपिंड सापडणार नाही, आणि तरी गर्भाशयात शुक्रजंतू असतील. त्याच गटाने सिनॉप्टेरस स्फिंक्सची हिवाळ्यातली गर्भधारणा उन्हाळ्यातल्यापेक्षा लांबते, कारण सुरुवातीला गर्भाची वाढ मुद्दाम मंदावते, हेही दाखवलं. सगळ्याचा रोख एकच: पिल्लू दूध सोडेल तेव्हा बाहेर खायला मुबलक असलं पाहिजे. आपल्याकडे तो काळ बहुतेक जातींना पावसाळ्याच्या तोंडाशी किंवा पावसाळ्यात सापडतो.

नाळेबद्दल थोडक्यात. या विषयात महाराष्ट्राचं नाव जगात आहे, आणि ते पुण्यामुळे नाही, नागपूरमुळे. गोपालकृष्ण यांनी १९४७ पासून वटवाघळांच्या गर्भविज्ञानावर लिहायला सुरुवात केली, पुढे नागपूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी एक घराणंच उभं केलं. त्याआधी नागपूरचेच एम. ए. मोघे टेरोपसच्या नाळेवर काम करत होते. गोपालकृष्ण आणि करीम यांचा १९७९ चा वटवाघळांच्या गर्भावरणांचा आढावा अजूनही लोक उघडतात. आईचं रक्त आणि गर्भाचं रक्त यांच्यामध्ये किती पडदे उरतात हे कुळागणिक कसं बदलतं, आणि पीतक पिशवी (सुरुवातीच्या गर्भाला पोसणारं आवरण) गर्भ वाढल्यावरही नाहीशी न होता ग्रंथीसारखी कशी टिकते, हे त्यात सापडेल. तुमच्या पुढच्या वाचनात ते असू दे.

एक गोष्ट तुमच्या सॅम्पलमध्ये लगेच बघता येईल. श्रोणीची पुढची बाजू हलक्या हाताने चाचपा. मादीत दोन्ही जघनास्थी पुढे हाडाने जुळलेल्या नसतात, मध्ये तंतूंचा बंध असतो. टॅडारिडात बाळंतपणाच्या वेळी तो सुमारे १५ पट ताणला जातो असं मोजलं गेलं आहे. एवढं मोठं पिल्लू एवढ्याशा कमरेतून जातं ते यामुळे. कीटकभक्षी जातींत ते बहुधा पायाकडून बाहेर येतं, फळखाऊ जातींत डोक्याकडून.

आता नर. फरक असतात, आणि मादीइतकेच. बऱ्याच जातींत वृषणं वर्षभर एका जागी नसतात. विणीच्या काळात खाली उतरतात आणि एरवी आत जातात. अधिवृषणाचं, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या गुंडाळलेल्या नळीचं, शेवटचं टोक मात्र शेपटीच्या बुडाशी, दोन्ही बाजूंना कातडीखाली येऊन बसतं, आणि शुक्रजंतू तिथे साठतात. छोट्या कीटकभक्षी नराची शेपटीकडची कातडी उजेडासमोर धरली की ते फुगलेले दोन लांबट फुगवटे दिसतात. कोवळ्या नरात त्यावरचं आवरण काळं असतं. एकदा शुक्रजंतूंनी भरून ताणलं की रंग विरळ होतो. वय ठरवायला ही खूण चांगली कामाला येते. थंड प्रदेशांत आणखी एक विसंगती: वृषणं आकसल्यावरही अधिवृषणातले शुक्रजंतू आणि पूरक ग्रंथी महिनोन्महिने कामात राहतात.

वृषणांचं आकारमान तर थक्क करणारं आहे. स्कॉट पिटनिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली वेगवेगळ्या जातींची तुलना केली, तेव्हा वृषणांचं वजन शरीराच्या ०.१२ टक्क्यांपासून ८.४ टक्क्यांपर्यंत निघालं. जिथे मादी अनेक नरांशी समागम करते तिथे ती मोठी.

शिश्नात बहुतेक जातींमध्ये एक हाड असतं, बॅक्युलम. पिपिस्ट्रेलच्या गटात जाती ओळखायला हे हाड दातांपेक्षा भरवशाचं. हिल आणि हॅरिसन यांचं १९८७ चं काम आजही हाताशी ठेवतात. ते काढायला फार सामान लागत नाही. शिश्न अलगद कापून पाच टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवा, मांस पारदर्शक होऊ द्या, मग चिमूटभर ॲलिझरीन रेड टाका. हाड जांभळट लाल होतं, बाकी सगळं काचेसारखं. मग ग्लिसरीनमध्ये साठवा. जेमतेम काही मिलिमीटरची काडी असते, पिपिस्ट्रेलसमध्ये टोकाशी दुभंगलेली. घाई करून द्रावण गरम केलंत तर ते टोकच विरघळून जातं, आणि नेमकं तेच ओळखीचं असतं.

२०२३ साली निकोलस फासेल यांच्या गटाने युरोपातल्या सेरोटिन वटवाघळाबद्दल जे प्रसिद्ध केलं ते तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. ताठर शिश्न मादीच्या योनीच्या सातपट लांब, टोक हृदयाच्या आकाराचं आणि योनीमुखाच्या सातपट रुंद. आत जाणं शक्यच नाही. ९७ समागमांच्या चित्रीकरणात प्रवेश एकदाही दिसला नाही. नर शिश्नाने मादीचं शेपटीचं पटल बाजूला सारतो आणि नुसता टेकवून धरतो, कधी कधी बारा तासांहूनही अधिक. सस्तन प्राण्यांत असं पहिल्यांदाच दिसलं. शरीररचनेची मापं कित्येक वर्षं म्युझियमच्या बरण्यांत होतीच; ती मादीच्या मापांशेजारी ठेवून बघायचं राहिलं होतं. नर आणि मादी एकाच जातीचे एकत्र मोजा, हा माझा आग्रह त्यातूनच येतो.

आता तुमच्या सॅम्पलचं काय करायचं ते. पुढच्या वेळी सापडलेलं मेलेलं वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नका. दुहेरी हातमोजे, मास्क, आणि रेबीजची लस घेतलेली व्यक्तीच डिसेक्शनला. पुण्याच्या एनआयव्हीनेच (राष्ट्रीय विषाणू संस्था) महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहची प्रतिपिंडं सापडल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं आहे. घाबरायचं कारण नाही, पण निष्काळजीपणालाही जागा नाही. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने फळखाऊ वटवाघळं ज्या 'उपद्रवी' यादीत होती ती यादीच काढून टाकली. तेव्हा फळखाऊ असो वा कीटकभक्षी, वनखात्याला विचारल्याशिवाय हात लावू नये. जातीची खात्री आकुर्डीच्या झूलॉजिकल सर्व्हेच्या केंद्रात करून घ्या, आणि कवटी व कातडी तिथेच जमा झाली तर उत्तम.

गर्भाशय अजून दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये असेल तर ठीक. ताजं मिळालं असतं तर मी बुइन द्रावण सुचवलं असतं, बीजांडकोशाचे पेशीकेंद्र त्यात जास्त स्वच्छ उठतात. दोन्ही बीजांडकोश, नळ्या आणि शिंगं एकमेकांपासून तोडू नका. डाव्या शिंगाच्या बाहेरच्या कडेला काळ्या दोऱ्याची एक गाठ मारा, म्हणजे मेणात बसवताना बाजू हरवणार नाही. संपूर्ण तुकड्याचे सलग सेक्शन घ्या, पाच-सहा मायक्रॉनचे, एकही न टाकता; मधले सेक्शन फेकले तर नेमका महत्त्वाचा भागच निसटेल. उजवा बीजांडकोश छोटा म्हणून वगळू नका. त्यात जुन्या पीतपिंडाची खूण सापडली, तर ही मादी नेहमीच्या डाव्या बाजूला अपवाद होती असं म्हणता येईल, आणि मग मला ती स्लाइड नक्की बघायला आवडेल.